अडुसष्ट पूर्णांक चार ग्रॅम

"हे तेवढं जळलं न्हाई," असं म्हणत अण्णांनी टॉवेलची गाठ माझ्या टेबलावर सोडली.

आत धातूच्या दोन पट्ट्या होत्या. एक लांब, एक आखूड. दोन्ही राखाडी, कुठे पिवळट, कुठे निळसर. दोन्हींत ओळीने भोकं होती आणि दोन्हींचं एकेक टोक भोकातूनच तुटलेलं होतं. पट्ट्यांशेजारी शिसवी मुठीचा एक जुना मिटणारा चाकू होता.

पट्ट्या कसल्या आहेत हे मला विचारावं लागलं नाही. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत ज्या छोट्या कारखान्यात मी काम करत होते, तिथे आम्ही त्याच बनवायचो. मोडलेलं हाड जुळेपर्यंत त्याला धरून ठेवणाऱ्या टायटॅनियमच्या प्लेट्स. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून नोकरीला लागले त्याला आठ महिने झाले होते. तयार झालेली प्रत्येक प्लेट मोजायची आणि ती पास की नापास हे ठरवायचं, एवढं माझं काम.

अण्णांना माझ्याकडे आणलं होतं दस्तगीरमामांनी. दस्तगीर मुल्लाणी आमच्याकडे मिलिंग मशीनवर होते, वय अठ्ठावन्न. त्यांचे वडील मिरजेत चाकू बनवायचे आणि टेबलावरचा तो चाकू त्यांच्याच हातचा होता. अण्णा म्हणजे विठोबा खरमाटे, तासगावकडे द्राक्षांची कलमं करणाऱ्या टोळीचे मुकादम. चाळीस वर्षं त्यांनी याच चाकूने कलमं केली होती. कारागीर वारला होता, म्हणून ते त्याच्या मुलाचा पत्ता काढत आमच्या दारात आले होते. त्यांना हवे होते दस्तगीरमामा. कारखान्यात काय बनतं हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

"माझ्या सुदामच्या मांडीत हुतं," अण्णा म्हणाले. "राख सावडताना हाताला लागलं. ह्याची मूठ करून असाच चाकू करून पायजे."

दस्तगीरमामा माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्या मॅडमना विचारा. ह्या धातूचं समदं ह्यांना ठावं. घरी भाकरीसुद्धा व्हर्निअर लावून मोजत्यात."

अण्णा हसले नाहीत, पण माझ्याकडे वळले. मी त्यांना समजावलं की हा धातू हलका आहे, गंजत नाही, द्राक्षाच्या रसाने काळा पडत नाही, पण त्याला धार टिकत नाही. पातं जुनंच ठेवावं लागेल. मूठ आणि पाठीची कमान याची करता येईल. कमान म्हणजे पातं उघडं असताना त्याला मागून दाबून धरणारी पट्टी. ती सैल पडली तर चाकू बोटांवर मिटतो.

"तसंच करा," ते म्हणाले. "पर एक हाय. कापताना जो कीस पडंल त्यो समदा मला द्यायचा. कणबी ठिवायचा न्हाई. मडकं बांधाला आंब्याला टांगलंय, ह्याच्यासाठीच थांबलोय. ऐतवारी दहावा हाय. त्याच्यातलं जे चाकूत जाईल ते माझ्यापाशी आन् बाकीचं समदं नदीला. पोरगं अर्धं जायला नको."

तो बुधवार होता. मी पट्ट्या तराजूवर ठेवल्या. अडुसष्ट पूर्णांक चार ग्रॅम. मी आकडा कागदावर लिहून त्यांना दाखवला आणि सांगितलं की चाकूतला धातू आणि कीस मिळून बरोबर एवढं वजन परत मिळेल. त्यांना अंक वाचता येत नव्हते, पण कागद त्यांनी नीट घडी करून टोपीत ठेवला.

बाकीचं त्यांनी न विचारता सांगितलं, दस्तगीरमामांनी आणलेला चहा गार होईपर्यंत. एप्रिलमध्ये टोळीच्या टेम्पोतून उतरताना सुदाम पडला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. कुबड्या घेऊन घरात फिरत होता. पुन्हा फोटो काढून हाड जुळलेलं दिसेपर्यंत पायावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑगस्टमध्ये कलमांचा हंगाम आला आणि टोळीत एक माणूस कमी पडलं. सुदाम यायला तयार नव्हता. अण्णांनीच त्याला समजावलं. बसून तर काम करायचं, खुंटापाशी पाट टाकून देतो, उठायचं काम नाही. चौथ्या दिवशी एका खुंटाकडून दुसऱ्याकडे सरकताना तो एक पाऊल उभा राहिला आणि प्लेट मोडली. दुसरं ऑपरेशन करायचं ठरलं, पण त्याआधीच आत पू झाला. वीस दिवस दवाखान्यात काढले आणि गेला.

"डॉक्टर म्हनलं, वजन टाकलं म्हनून मोडलं. त्यो येत नव्हता. मी न्हेला," अण्णा म्हणाले. मग कप बाजूला सरकवून, "त्याची आई माझ्यासंगं बोलत न्हाई. घरात दोन मानसं, त्यातलं एक मुकं."

शनिवारी दुपारी यायचं ठरवून ते गेले.

मी मऊ ब्रशने पट्ट्या पुसायला घेतल्या. चितेच्या आगीत टायटॅनियम वितळत नाही. वरचा थर हवेतला ऑक्सिजन शोषून काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, हे पुस्तकात वाचलेलं मी पहिल्यांदा हातात धरून बघत होते. लांब पट्टीच्या तुटलेल्या टोकाजवळ राख निघाली आणि खाली ठोकलेले आकडे दिसले. आकड्यांआधी आमच्या कारखान्याची खूण होती. लॉट सतरा.

तीन जिल्ह्यांतल्या लहान दवाखान्यांना आमचा माल जायचा, त्यामुळे यात नवल नव्हतं. तरी मी ब्रश खाली ठेवला. मग तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. थराने बरंच काही झाकलं होतं, पण भोकाच्या आतल्या कडेला एक बारीक आडवी रेघ होती. झिजलेलं कटर थरथरलं की उठते तशी. तुटलेल्या पृष्ठावर शिंपल्यावर असतात तशा कमानी होत्या, एकात एक, आणि त्या सगळ्या त्या रेघेपासून सुरू होत होत्या. प्लेट एका पावलात मोडली नव्हती. कुबड्यांवर फिरतानाही पायावर थोडा थोडा भार येतोच. तेवढ्या भाराने रेघेतून निघालेली चीर कित्येक आठवडे रोज थोडी पुढे सरकत होती.

मी तपासणीचं रजिस्टर काढलं. लॉट सतरा, फेब्रुवारी, चौदा प्लेट्स. सगळ्यांपुढे पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. पट्टणशेट्टी साहेब ओरडणारे नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, सूक्ष्मदर्शकात स्वतः पाहिलं, आणि वेष्टन बदलायचं कारण सांगून त्या लॉटच्या न वापरलेल्या प्लेट्स परत मागवायला मला लगेच फोन करायला लावले. चौदापैकी नऊ परत यायच्या होत्या. एक माझ्या टेबलावर होती. चार कुणाकुणाच्या अंगात होत्या. त्यांच्याबद्दल काय करायचं हे मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की त्या दवाखान्यांशी ते स्वतः बोलतील. बोलले की नाही हे मला कधी कळलं नाही.

"हा नंबर किती जणांनी पाहिलाय?" त्यांनी विचारलं.

"मी. आणि दस्तगीरमामांनी पाहिला असेल."

"त्या माणसाने?"

"त्यांना वाचता येत नाही."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "चाकू चांगला करून द्या."

दस्तगीरमामांनी मशीन दोनदा पुसून घेतलं होतं. खाली स्वच्छ ट्रे लावला होता आणि शेजारी वाळूची बादली ठेवली होती, कारण टायटॅनियमचा बारीक कीस ठिणगीने पेट घेतो. थंड करायचं पाणी सोडायचं नाही, नाहीतर कीस त्याबरोबर वाहून जाईल, असं त्यांनीच ठरवलं. पातळ कटर लावून ते आखूड पट्टी जाडीत मधोमध चिरणार होते, म्हणजे एका पट्टीच्या दोन होतील. एक मुठीच्या एका बाजूला, दुसरीच्या कडेतून कमान. लांब पट्टीतून मुठीची दुसरी बाजू. तिचा सुमारे चार सेंटिमीटर भाग मात्र जास्तीचा होता.

"कुठलं टोक कापू?" त्यांनी विचारलं आणि धातूवर रेघ मारायची सळई माझ्या हातात दिली.

एका टोकाला सरळ, गुळगुळीत कड होती. दुसऱ्या टोकाला अर्धं भोक, ती रेघ आणि नंबर. सरळ टोकाकडून कापलं असतं तर हे सगळं चाकूच्या मुठीत राहिलं असतं. अण्णांच्या तळहातात, दिवसभर. मी नंबरच्या बाजूने खूण केली. मामांनी खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं नाही.

कापलेल्या तुकड्यातून नंबर आणि रेघ असलेला भाग त्यांनी मी सांगितल्यावर वेगळा करून दिला. तो पुन्हा नीट तपासायचा आहे, असं मी म्हणाले. अण्णांना सांगायचं झालं तर हातात काहीतरी हवं, असं माझ्या मनात होतं. निदान गुरुवारी दुपारपर्यंत तरी होतं. मी तो एप्रनच्या खिशात टाकला.

मग कमानीचं गणित आलं आणि मी त्यात बुडाले. टायटॅनियम पोलादाच्या जवळजवळ अर्ध्या जोराने परत फिरतं. जुनी कमान तीन पूर्णांक दोन मिलिमीटर उंच होती. तेवढीच ठेवली असती तर पातं निम्म्या दाबावर राहिलं असतं. कमानीचा दाब तिच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून घनमूळ काढलं आणि उंची तीन पूर्णांक नऊ करायची ठरली. पट्टीच्या कडेला भोकांबाहेर साडेचार मिलिमीटर जागा होती. म्हणजे बसत होती, अगदी जेमतेम. मी कागदावर आकृती काढून मामांना दाखवली. ते म्हणाले की त्यांचा बाप हे सगळं ओठांत विडी धरून अंगठ्याने दाबून ठरवायचा. मी हसले. ते दोन तास मी अण्णांचा मुलगा पूर्ण विसरले होते आणि मला छान वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी पातं बसलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा कमानीचा आवाज झाला, खणखणीत, एकच. जुन्या चाकूचं वजन ब्याण्णव ग्रॅम होतं, हा एकाहत्तर भरला. मुठीत प्लेटची भोकं तशीच होती, त्यातून पलीकडचं दिसत होतं. आगीचे रंग मी घासू दिले नव्हते. खरंच देखणा झाला होता.

मामांनी तो हातात घेतला आणि डोळे मिटून मुठीच्या कडांवरून नख फिरवलं. प्रत्येक भोकाच्या आतूनही फिरवलं. मग चाकू माझ्यापुढे धरला.

"फिरवा."

मी फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

फेब्रुवारीत लॉट सतरा माझ्या टेबलावर आला तेव्हा मामा असेच माझ्यासमोर उभे राहिले होते. कटर झिजलं होतं, मध्येच बदललं, आधीच्या काही प्लेट्स जरा बघा, असं म्हणाले होते. एक प्लेट पुढे धरून म्हणाले होते, "भोकातनं बोट फिरवा मॅडम. नख अडकतंय." मला लागून दुसरा महिना होता. मी भोकाचा व्यास मोजला, खोली मोजली, जाडी तीन ठिकाणी मोजली. सगळं मर्यादेत होतं. पॉलिशनंतर रेघ नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हती. मी म्हणाले होते, "मामा, ड्रॉइंगमध्ये नख कुठे दाखवलंय?" पलीकडच्या टेबलावरचे दोघं हसले होते. मामाही हसले होते. मग मी चौदा वेळा पास लिहून खाली सही केली.

शनिवारी सकाळी मी हिशेब जुळवायला बसले. जोडण्याआधी मूठ आणि कमान मी वेगळी तोलून ठेवली होती. उरलेले तुकडे तोलले, ट्रेमधला कीस कागदावर ब्रशने गोळा करून तोलला. सगळं मिळून चौसष्ट पूर्णांक आठ. तीन पूर्णांक सहा ग्रॅम कमी. तेवढा तुकडा माझ्या खिशात होता.

"मामा, थोडा कीस लागेल."

ते समजले. मशीनखालच्या डब्याकडे त्यांनी पाहिलं. त्यात त्या आठवड्यात कापलेल्या प्लेट्सचा कीस होता.

"हा दुसऱ्याचा हाय मॅडम."

"टायटॅनियमच आहे."

ते उभे राहिले. मग वाकले आणि ओंजळीतून आणून माझ्यासमोरच्या कागदावर ओतला. मी चिमटीने थोडा थोडा टाकत गेले. चाकूतला धातू धरून आकडा अडुसष्ट पूर्णांक चारवर आला, तेव्हा मी हात काढून घेतला. उरलेले तुकडे आणि कीस पांढऱ्या कागदात बांधून पुडी केली.

अण्णा दोनच्या सुमारास आले. डोक्याचे केस काढलेले, टोपी सैल झालेली. मी चाकू त्यांच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"खाली ठिवा बाई. चाकू हातात दिऊ ने, भांडान हुतं. तुमचं माझं कशाला भांडान."

मी तो टेबलावर ठेवला. त्यांनी उचलला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. अंगठा कमानीवर ठेवून पात्यावर दाब देऊन बघितला. जाणत्या माणसासारखा बघितला. मग भोकांवरून बोट नेत म्हणाले, "ह्याच्यावर कायतरी कोरलेलं हुतं. राखंतनं काढताना बोटाला लागलं हुतं."

"घासताना गेलं."

"जाऊंद्या. मला कुठं वाचता येतंय."

त्यांनी चाकू मिटून खिशात ठेवला. मला वाटलं आता निघतील. पण ते उभेच राहिले, टेबलाच्या कडेवर हात ठेवून.

"बाई, तुमी शिकलेल्या हायसा. एक इचारू? एवढं जाड पत्रं, आगीत जळलं न्हाई ते. मांडीत कसं मोडलं?"

दस्तगीरमामा मशीनपाशी होते. त्यांनी मशीन बंद केलं. खिशातला तुकडा माझ्या मांडीला लागत होता. रेघेमुळे किती आणि वजनामुळे किती, हे मला आजही आकड्यात सांगता येणार नाही. रेघ नसती तर ती प्लेट त्या एका पावलाला टिकली असती, असं मला वाटतं. पण तेव्हा मी काय वाटतं ते बोलले नाही. बरोबर आहे तेवढंच बोलले.

"हाड जुळायच्या आधी वजन पडलं, की मोडतं अण्णा."

त्यांनी मान हलवली. ती बराच वेळ हलत राहिली.

"म्हंजी डॉक्टर म्हनलं तेच."

"हो."

"मला वाटलं, कुनीतरी दुसरं कायतरी सांगंल." ते म्हणाले. "घरी जाऊन तिला सांगाय काय तरी हुईल."

मामांनी मशीन पुन्हा सुरू केलं. त्यावर काहीच लावलेलं नव्हतं, नुसतं फिरत होतं.

मी पुडी पुढे केली आणि चाकूतल्या धातूसकटचं वजन सांगितलं. अण्णांनी टोपीतून बुधवारचा कागद काढून माझ्यासमोर धरला. मी म्हणाले, तेवढंच आहे. त्यांनी पुडी दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले आणि कपाळाला लावली.

"आता समदं पोरगं पोचंल," ते म्हणाले.

दारातून बाहेर पडताना त्यांनी वळून दस्तगीरमामांना हात जोडले. मामांनी पाहिलं नाही. ते वाकून मशीनखालच्या डब्यावर झाकण बसवत होते.

पुढच्या जूनमध्ये मी ती नोकरी सोडली. आता पुण्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत आहे, हाताखाली सात जण आहेत. ड्रॉइंगमध्ये असो नसो, भोकातून नख फिरवायला मी त्यांना लावते. ते आपापसांत हसतात, मला ऐकू येतं. दस्तगीरमामा निवृत्त होईपर्यंत दिवाळीला मला फोन करायचे. चाकूचं कधी बोललो नाही. अण्णांचं पुढे काय झालं, मी चौकशी केली नाही. तासगाव लांब नव्हतं.

तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर वर्षी तराजू तपासायला माणूस येतो. तो गेला की मी तुकडा एकदा तराजूवर ठेवून बघते. तीन पूर्णांक सहा.